कच्च्या गुणवत्तेवर बोली : किती लवकर आणि किती रकमेला?

रायपूर – २२ मे २०१६ च्या रात्री नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह मैदानावर दिल्ली डेअरडेव्हिल्स आणि रॉयल चॅलेंजर्स बंगलोर यांच्यात आयपीएलचा साखळी सामना झाला. जिंकणाऱ्या संघाला बाद फेरीत प्रवेश मिळणार होता. दिल्लीने १३८ धावा केल्या. विराट कोहलीने नाबाद ५४ धावा करून बंगलोरला सहा गडी राखून विजय मिळवून दिला आणि दिल्लीचे आव्हान संपुष्टात आले. रायपूर हे त्या काळात दिल्ली संघाचे दुसरे घरचे मैदान होते. ज्या फलंदाजाने दिल्लीला तेथे रोखले, तो आठ वर्षांपूर्वी दिल्लीलाच मिळू शकला असता.

२००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या मोसमापूर्वी १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी लिलाव झाला नव्हता. विश्वचषक जिंकून आलेल्या या मुलांची वाटणी निवड पद्धतीने, म्हणजे 'ड्राफ्ट'द्वारे करण्यात आली. मानधन आधीच ठरलेले होते आणि संघांनी आपापल्या पाळीने खेळाडू निवडायचे होते. पहिली पाळी दिल्लीची होती. दिल्लीने आपल्याच शहरातील कोहलीला वगळून डावखुरा मध्यमगती गोलंदाज प्रदीप सांगवानची निवड केली. कोहली बंगलोरकडे गेला.

आज हा निर्णय हास्यास्पद वाटतो. परंतु त्या दिवशी तो तसा नव्हता. वीरेंद्र सेहवाग, गौतम गंभीर, शिखर धवन, ए. बी. डिव्हिलियर्स अशी फलंदाजी हाताशी असताना दिल्लीला गोलंदाजाची गरज होती. पहिल्या मोसमातील कोहलीची कामगिरीही दिल्लीची चूक दाखवणारी नव्हती. त्याने १३ सामन्यांत केवळ १६५ धावा केल्या. बंगलोरचे श्रेय निवडीपेक्षा त्यानंतरच्या धीरात अधिक आहे. २०११ च्या मोठ्या लिलावापूर्वी या संघाने केवळ एकच खेळाडू आपल्याकडे कायम राखला, तो म्हणजे कोहली.

हा पेच क्रिकेटपुरता मर्यादित नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये संघाच्या चाली चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या 'क्वार्टरबॅक' खेळाडूच्या बाबतीत तो दरवर्षी उभा राहतो. तेथे मागील मोसमात तळाला राहिलेल्या संघाला प्रथम निवडीची संधी असते, त्यामुळे सर्वांत कच्चा खेळाडू अनेकदा सर्वांत दुबळ्या संघाच्या वाट्याला येतो आणि लगेच मैदानात उतरवला जातो. कॅन्सस सिटी संघाने २०१७ मध्ये वेगळा मार्ग पत्करला. पॅट्रिक महोम्ससाठी त्यांनी आपला क्रमांक २७ वरून १० वर आणला, त्याची किंमत मोजली आणि पहिल्या मोसमात त्याला एकच सामना खेळवला. उरलेला काळ तो अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला.

आयपीएलच्या लिलावात पाळी नसते, पैसा असतो. त्यामुळे येथे प्रश्न दुहेरी होतो : खेळाडू घ्यावा का, आणि कितीला? १८ डिसेंबर २०१८ रोजी जयपूरमध्ये झालेला लिलाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. बंगालचा १६ वर्षांचा लेगस्पिनर प्रयास रे बर्मन याला बंगलोरने दीड कोटी रुपयांना घेतले. त्याच दिवशी महाराष्ट्राचा ऋतुराज गायकवाड २० लाख रुपयांच्या मूळ किमतीत चेन्नई सुपर किंग्जकडे गेला. मार्च २०१९ मध्ये रे बर्मनला हैदराबादविरुद्ध थेट डेव्हिड वॉर्नर आणि जॉनी बेअरस्टो यांच्यासमोर गोलंदाजी करावी लागली. दोघांनीही शतके ठोकली. रे बर्मनच्या चार षटकांत ५६ धावा निघाल्या आणि त्यानंतर त्याला आयपीएलचा सामना मिळाला नाही. गायकवाडला मात्र चेन्नईने २०१९ मध्ये एकही सामना दिला नाही. २०२० मध्ये तो पहिल्याच सामन्यात शून्यावर बाद झाला, पण मोसमाच्या अखेरीस त्याने सलग तीन अर्धशतके केली. २०२१ मध्ये ६३५ धावांसह तो स्पर्धेत अव्वल ठरला.

वय कमी असणे हाच धोका असतो, असेही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात राजस्थान रॉयल्सने बिहारच्या १३ वर्षीय वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाख रुपयांना घेतले. संघाच्या १२० कोटींच्या मर्यादेत ही रक्कम एक टक्क्याहूनही कमी होती. मुलगा अपयशी ठरला असता तरी संघाचा तोल बिघडला नसता. २८ एप्रिल २०२५ रोजी त्याने गुजरात टायटन्सविरुद्ध ३५ चेंडूंत शतक केले. याउलट डिसेंबर २०२५ च्या लिलावात चेन्नईने प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या दोघांसाठी प्रत्येकी १४ कोटी २० लाख रुपये मोजले. लिलावात उतरताना संघाकडे ४३ कोटी ४० लाख शिल्लक होते. त्यातील जवळपास दोन-तृतीयांश रक्कम या दोन नावांवर गेली. अशा बोलीनंतर खेळाडूला राखीव बाकावर बसवून शिकवणे व्यवस्थापनाला जड जाते. किंमत जितकी मोठी, तितका धीर कमी.

त्यात लिलावाची रचनाही धीराला फारशी पोषक नाही. काही वर्षांच्या अंतराने मोठा लिलाव होतो आणि मोजकेच खेळाडू राखता येतात. घडवायचे एकाने आणि पीक काढायचे दुसऱ्याने, असे होऊ शकते.

छत्तीसगडला या सर्व चर्चेची दुसरी बाजू ठाऊक आहे. या राज्याच्या संघटनेला भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पूर्ण सदस्यत्व २०१६ मध्ये मिळाले आणि त्याच वर्षीच्या मोसमात संघ रणजी करंडकात उतरला. राज्याकडून खेळणारा, भिलाईत जन्मलेला शशांक सिंह याला दिल्ली, राजस्थान आणि हैदराबाद या संघांनी एकापाठोपाठ घेतले आणि सोडले. डिसेंबर २०२३ मध्ये पंजाब किंग्जने त्याला २० लाखांत घेतले, तेही लिलावाच्या मेजावर नावाबाबत गोंधळ उडाल्यानंतर. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. पुढच्याच मोसमात त्याने ३५४ धावा केल्या आणि पंजाबने त्याला साडेपाच कोटींना राखले. निवड समित्या विशीच्या आतील मुलांमध्ये 'गुणवत्ता' शोधत असताना हा फलंदाज देशांतर्गत क्रिकेटमध्ये तयार होत होता.

लिलावात नाकारलेला मुंबईचा १७ वर्षीय आयुष म्हात्रे एप्रिल २०२५ मध्ये चेन्नईकडे आला, तो जायबंदी झालेल्या गायकवाडच्या जागी. वानखेडेवरील पदार्पणात त्याने १५ चेंडूंत ३२ धावा केल्या आणि पुढे बंगळूरविरुद्ध ९४. स्वतः गायकवाडने आपले पहिले एकदिवसीय आंतरराष्ट्रीय शतक ३ डिसेंबर २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध रायपूरमध्येच झळकावले. २० लाखांच्या त्या बोलीला तेव्हा सात वर्षे पूर्ण होत आली होती. दुसऱ्या टोकाला शतक करणारा फलंदाज कोहली होता.