आजीच्या पेटीतला कडी लावलेला रुपया

सोनार जुनी चांदी घेतो तेव्हा नाण्यावर काय लिहिले आहे ते पाहत नाही, वजन पाहतो. जुन्नर-आंबेगाव भागात आजीच्या पेटीत एखादा राणीछाप रुपया अजून सापडतो. कोणी त्याला कडी डागलेली असते, कोणी भोक पाडून दोऱ्यात ओवलेला असतो. अडचण आली की तो मोडीत जातो. मोडण्यापूर्वी त्याच्याविषयी दोन गोष्टी वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवाव्यात असे आम्हाला वाटते.

नाणे बदलून वापरण्याची रीत फार जुनी आहे, आणि तिचा संबंध आपल्या लेण्यांशीच आहे. जुन्नरच्या मानमोडी डोंगरावरील लेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. पाण्याचे टाके आणि मंडप दान केल्याचे त्यात लिहिले असून वर्ष ४६ दिले आहे. पुढे या नहपानाचे काय झाले? त्याचे उत्तर नाण्यांनी दिले. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. सारी नाणी नहपानाची. पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. बऱ्याच नाण्यांवर नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे अजून दिसतात. म्हणूनच नहपानाची सत्ता मोडून गौतमीपुत्र आला हे पक्के ठरले, आणि लेण्यांचा काळ ठरवायला आधार मिळाला. ती नाणी सापडली त्या वेळीच वितळवली गेली असती, तर हा पुरावा चांदीच्या लगडीत नाहीसा झाला असता.

आता आपल्या घरातल्या रुपयाकडे पाहू. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० साली चांदी निम्मी झाली, १९४७ साली ती गेली आणि निकेल आले. पतपेढी वा बँक ज्यांना दारात उभे करत नव्हती, त्या माणसांची बँक म्हणजे हा गळ्यातला रुपया. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात चांदीचा भाव आणि रुपयाची किंमत यांचे नातेच तपासले आहे. १९१७ साली चांदी महागली तेव्हा नाणी वितळवण्यास सरकारला बंदी घालावी लागली होती.

आणखी एक गोष्ट आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. गळ्यातल्या ढीगभर माळा आणि हातभर दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. माळा उतरल्या, ते योग्यच झाले. पण ज्या रुपयाला भोक पडले, त्या भोकात एका बाईच्या घामाची बचत आहे. माळ न घालता नाणे जपता येते.

डिंभे धरणात जुने आंबेगाव गेले, तालुक्याला नाव मात्र उरले. घर पाण्यात गेले तरी पेटीतला रुपया बरोबर आला असेल, तर त्या घराची खूण तोच.

म्हणून आमची विनंती अशी. नाणे चिंच, राख वा खटाईने घासू नका, अक्षरे झिजतात. कडी कापू नका, भोक बुजवू नका. कोणाचे होते, कोठून आले, कधी ओवले, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा आणि नाण्याबरोबर ठेवा. शेतात नांगरताना मडके वा नाणी लागली तर गुपचूप सोनाराकडे नेऊ नका. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि सापडणाऱ्याच्या हक्काचाही त्या कायद्यात विचार आहे.

आपल्या आजीचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही. तिने ओवलेला रुपया तेवढा आपल्या हाती आहे. तो विकायचाच झाला, तरी आधी मुलांना दाखवा, त्याची हकिकत सांगा.