तेरा कोटी जपाचे गणित

नाशिकजवळील टाकळी येथे समर्थ रामदासस्वामींनी बारा वर्षांत १३ कोटी रामनामजप केला, अशी परंपरा आहे. म्हणजे प्रतिदिनी सुमारे ३० हजार!

१३,००,००,००० या संख्येचे मूळ अवयव २, ५ आणि १३ एवढेच; त्यांत ३ नाही. १०८ मण्यांच्या माळेत मात्र तो तीनदा येतो. म्हणून पूर्ण माळांनी ही संख्या नेमकी गाठताच येत नाही. १२,०३,७०३ माळांनंतरही ७६ नामे उरतात. चूकभूल म्हणून आठ मणी सोडून माळ शंभरच धरण्याची रूढी आहे, तिने हिशेब सरळ होतो: १३ लाख माळा. नित्य १० माळा जपणाऱ्या एकट्यास ३५६ वर्षे लागतील. सुरतेतील सहस्र भाविक एकत्र आले, तर १३० दिवस पुरतात.

अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येस देवळालीचे शिक्षक दत्तात्रय कापरेकर ‘हर्षद’ म्हणत. ही संख्याही हर्षदच, बेरीज ४.