सराफ्यातला भुट्ट्याचा कीस
इंदूरचा सराफा बाजार दिवसा सोन्याचांदीचा. रात्री दुकाने बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाऊगल्ली भरते आणि मध्यरात्र उलटली तरी चालू असते. हिवाळ्यात तळलेला गराडू कंद, एरवी साबुदाणा खिचडी, दहीवडे असे बरेच काही मिळते, पण माळव्याची खरी चव भुट्ट्याच्या किसात. घरीही तो सहज जमतो. कोवळी मक्याची कणसे किसून घ्यावीत. तुपात मोहरी, जिरे, हिंग, हिरवी मिरची यांची फोडणी करून कीस मंद आचेवर परतावा, मग दूध घालून ते आटेपर्यंत शिजवावा. घाई केली तर तो कच्चट लागतो. मीठ, चिमूटभर साखर शेवटी. लिंबू आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. कणीस जून निघाले तर मात्र हा बेत करू नये.