भंगाराचा परवाना आणि हिशेबाची वही

खाप्यातल्या आमच्या वस्तीतला एक मुलगा गेल्या वर्षी माझ्याकडे आला. बारावी झालेला, दोन वर्षे नागपुरात एका गोदामात राबून परतलेला. त्याचे वडील हातगाडी घेऊन भंगार गोळा करतात. आता बापलेकांना स्वतःचा काटा लावून दुकान थाटायचे होते. त्यासाठी ‘भंगाराचा परवाना’ काढायचा, तेव्हा सर, अर्ज लिहून द्या, एवढीच त्याची मागणी. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक अर्ज जड जाऊ नये. मी कागद पुढे ओढला आणि पहिल्याच ओळीला अडलो. अर्ज करायचा कोणाकडे?

वडील उंबऱ्याशीच बसले होते. आत या म्हटले तरी आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, “सर, कागद पायजे आता. कागद नसन तं आपला माल चोरीचाच.”

हे ते उगाच म्हणत नव्हते. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात त्यांना दोन दिवस बसवून ठेवले होते. गाडीत तांब्याच्या तारेचे वेटोळे सापडले होते. कोणा शेतकऱ्याने जळालेल्या मोटारीचे वाइंडिंग काढून विकलेले. पण कोणत्या शेतकऱ्याने, कोणत्या दिवशी, किती वजनाचे, हे त्यांना सांगता येईना. गुन्हा नोंदला गेला नाही. तार मात्र परत मिळाली नाही.

पोलिसांच्या अरेरावीविषयी आपण पुष्कळ लिहितो आणि ते लिहिलेही पाहिजे. परंतु इथे अरेरावीच्या मागे कायद्याची एक विशिष्ट रचना उभी आहे आणि ती आपल्या माणसांना कोणी समजावून सांगत नाही. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याचे (आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात) 124 वे कलम पाहा. चोरीचा असावा असे मानायला कारण आहे असा माल एखाद्याजवळ सापडला आणि तो आपल्याकडे कसा आला याचा समाधानकारक हिशेब त्याला मॅजिस्ट्रेटपुढे देता आला नाही, तर तो शिक्षेला पात्र ठरतो. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातही 114 व्या कलमाखाली असेच उदाहरण होते: चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे माल सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा देता येत नाही, तो एक तर चोर किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा, असे न्यायालय गृहीत धरू शकते. 1 जुलै 2024 पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. गृहीतक तसेच राहिले. चोरीचा माल घेण्याचा गुन्हा दंडसंहितेत 411 व्या कलमात होता, तो न्यायसंहितेत 317 मध्ये गेला. रुळाचा तुकडा, फिशप्लेट असे काही सापडले तर 1966 चा रेल्वे मालमत्तेचा कायदा लागतो. तिथे माल कायदेशीर मार्गाने आला हे बाळगणाऱ्यानेच सिद्ध करायचे असते. विजेच्या लाइनची तार असेल तर 2003 च्या वीज कायद्यात ती चोरणाऱ्यासाठी 136 वे आणि घेणाऱ्यासाठी 137 वे कलम स्वतंत्र आहे.

या सगळ्या कलमांत जातीचा उल्लेख कोठेही नाही. शब्द एकच आहे: हिशेब. ज्या समाजाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या लेखणी येऊ दिली नाही, त्याच्याकडून लेखी हिशेब मागितला जातो. पेढीवरच्या व्यापाऱ्याची खातेवही ही त्याची ढाल असते. आमच्या माणसाचा व्यवहार दारोदार, तोंडी आणि रोखीचा. म्हणून तोच माल पेढीवर ‘स्टॉक’ असतो आणि हातगाडीवर ‘मुद्देमाल’ होतो.

खापा हे कन्हान नदीकाठचे, कोष्ट्यांच्या मागांसाठी ओळखले जाणारे गाव. जवळच गुमगावची मँगनीजची खाण, सावनेर तालुक्यात कोळशाच्या खाणी. त्यामुळे भंगाराला तोटा नाही. मोडीत निघालेल्या मागाचे लोखंड, पंपाचे बीड, जर्मनची चेपलेली भांडी, पत्रे, बॅटऱ्या. पण हे गोळा करणारे हात कोणाचे आणि काटा कोणाचा, हे गल्लीतून एक चक्कर मारली तरी दिसते. फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, असे मनुस्मृतीने चांडाळाला नेमून दिले होते. आज त्याच फुटक्या भांड्याला किलोवर भाव आहे. भाव आला तेव्हा भांडे आमच्याकडे राहिले आणि भाव दुसऱ्याच्या गल्ल्यात गेला.

माझा एक मित्र, चळवळीतला जुना कार्यकर्ता, हे ऐकून रागावला. मेलेली ढोरे ओढणे सोडा, घाणीची कामे टाका, असे बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला सांगितले आणि तू पोरांना भंगाराचा परवाना काढून देतोस? आक्षेप गंभीर आहे. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. बाबासाहेबांचा विरोध हाताला लागणाऱ्या घाणीपुरता नव्हता. जन्माने लादलेल्या, सोडता न येणाऱ्या आणि मोबदला दुसऱ्याने ठरवावा अशा कामाला तो होता. ढोरे ओढणे आम्ही सोडले ते योग्यच झाले. पण चामड्याच्या धंद्यातला पैसा मात्र पेढीवाल्यांकडे गेला, हेही नोंदले पाहिजे. या मुलाला हातगाडी ओढायची नाही, काटा लावायचा आहे. मला हा फरक मोठा वाटतो. मित्राला अजून पटलेले नाही.

आता अर्जाकडे वळू. खाप्यासारख्या गावात ‘भंगाराचा परवाना’ असा एकच कागद एका खिडकीवर मिळत नाही. मुंबईत महापालिकेच्या 1888 च्या कायद्यातले 394 वे कलम अशा साठ्यांना आणि धंद्यांना परवाना लावते. आपल्याकडे उपद्रवकारक व धोकादायक धंद्यांसाठी 1965 चा नगरपरिषद कायदा पाहावा लागतो. म्हणून पहिला अर्ज नगरपरिषदेकडे, सोबत जागेचा भाडेकरार किंवा कराची पावती. दुसरे, 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली दोन-चार माणसांच्या दुकानाला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. तिची पावती जपून ठेवावी. तिसरे, उद्यम नोंदणी. ती फुकट होते. तिचे पैसे मागणारा दलाल समजावा. चौथे, काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का, इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर वर्षी. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणे आणि जुनी संगणक-सामग्री जाळून तांबे काढणे या धंद्यात पूर्वापार चालते. हे मुळीच करू नये. दोन्हींसाठी 2022 चे वेगळे नियम आहेत, आणि नियम नसते तरी ते शिसे शेवटी आपल्याच पोरांच्या अंगात जाते.

अर्ज दिला की तारखेची पोच घ्यायची. सेवा अधिसूचित असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत बांधलेली आहे, नकार कारणांसह लेखी द्यावा लागतो, आणि त्यावर 30 दिवसांत अपील करता येते. ‘उद्या या’ हा नकार नव्हे आणि मंजुरीही नव्हे. पोच नसेल तर तो ‘उद्या’ कधीच उजाडत नाही.

परंतु एवढे कागद भिंतीवर टांगले तरी ठाण्यात विचारतील ते तांब्याचे वेटोळे कोठून आले, हेच. तिथे परवाना उपयोगी पडत नाही, वही पडते. तारीख, विकणाऱ्याचे नाव-पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, मालाचे वर्णन, वजन, दिलेली रक्कम, सही किंवा अंगठा. तांबे किंवा लाइनच्या तारेसारखे काही असेल तर मोबाइलवर फोटो. इंग्लंड-वेल्समध्ये 2013 पासून भंगार धातूचा स्वतंत्र कायदा आहे. तिथे विकणाऱ्याचे नाव-पत्ता पडताळणे सक्तीचे आहे आणि रोखीने खरेदी करता येत नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे दुकानाला एक परवाना आणि फिरून गोळा करणाऱ्याला वेगळा परवाना असतो, तीन वर्षांचा. म्हणजे फिरणारा माणूसही कायद्याला दिसतो.

आपल्याकडे तो फार थोड्या ठिकाणी दिसला. 1993 मध्ये पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य आमच्याच बाया आहेत. त्यांच्या हाती ओळखपत्र आले, तेव्हा ‘कचऱ्यातली चोर’ ही ओळख पुसायला सुरुवात झाली. कर मात्र सगळ्यांपर्यंत पोहोचतो. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतले, तर त्यावरचा जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा आहे. कागदावर यात हातगाडीवाल्याला काही तोशीस नाही. प्रत्यक्षात व्यापारी नोंदणी नसलेल्याचा भाव पाडू लागला, तर त्याला विचारणार कोण? वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेपर्यंत मालाच्या व्यापाऱ्याला महाराष्ट्रात सहसा नोंदणी लागत नाही. पण हा मुलगा नागपूरला माल मोठ्या गोदामात देणार असेल तर त्याने आधीच हिशेब मांडून बघावा, असे मी सांगितले.

दुकानाची सूचना गेली, उद्यम झाले, काट्यावर शिक्का आला. नगरपरिषदेच्या अर्जाची पोच वहीत डकवली आहे.

परवा वही पाहायला गेलो. अक्षर मुलाचे, सुबक. शेतकऱ्यांच्या नोंदी भरलेल्या, आधारचे क्रमांक लिहिलेले. मग एक पान लागले, त्यावर ओळीने अंगठे. बीड तीन किलो, पत्रा दोन किलो, जर्मन अर्धा किलो. या वस्तीतल्या कचरा वेचणाऱ्या बाया. ‘माल कोठून आणला’ या रकान्यात मुलाने प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहिला होता: कचऱ्यातून. वडिलांनी विचारले, “सर, हे चालन का?”

मी म्हटले, दुकानासाठी कदाचित चालेल, त्या बायांसाठी नाही. उद्या त्यांतल्या एकीच्या गोणीत वेटोळे सापडले तर तिच्याजवळ वही नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. त्याच दुपारी दुकानात बसून दुसरा अर्ज लिहिला, ओळखपत्रांसाठी. सतरा अंगठे झाले. दोघी शेतावर गेल्या होत्या, त्यांच्यासाठी जागा सोडली आहे.