शाळेतील स्वर : आवाज फुटलेल्या मुलाचे काय करावे?

विष्णु दिगंबर आणि भातखंडे यांच्या स्वरलिपींपैकी शाळेच्या फळ्यावर कोणती अधिक सोयीची, याचा निवाडा या आठवड्यात करण्याचे मी कबूल केले होते. परंतु सोलापूरच्या पूर्व भागातील एका प्रशालेच्या संगीतशिक्षकांचे जे पत्र मध्यंतरी आले, त्यातील प्रश्न मला त्या वादाहून अधिक निकडीचा वाटल्यामुळे निवाडा लांबणीवर टाकीत आहे. ते लिहितात की, घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि शेजारी कन्नड अशा त्रिवेणीत वाढलेला, तिन्ही भाषांतील भजने बिनचूक म्हणणारा आठवीतला एक विद्यार्थी दिवाळीच्या सुटीनंतर परतला तो फुटलेला आवाज घेऊन. परिपाठाच्या वेळी त्याचा स्वर मध्येच चिरकतो, मुले हसतात, आणि वरिष्ठांनी ‘आवाज बसेपर्यंत’ त्याला संगीताच्या तासाची माफी देण्याची तजवीज केली आहे. हे योग्य की अयोग्य, असा त्यांचा रोकडा सवाल आहे.

अयोग्य, असे माझे तितकेच रोकडे उत्तर आहे. आणि त्याची कारणे सविस्तर सांगितल्याखेरीज मला चैन पडणार नाही, कारण आठवी-नववीच्या वर्गांत संगीताच्या तासाला मुलगे का दिसेनासे होतात, या जुन्या कोड्याची किल्ली याच प्रश्नात दडलेली आहे. मुलग्यांना गाण्याची आवडच नसते, असे शेरे शिक्षकवर्गात सर्रास ऐकू येतात. मला ते कधीच पटलेले नाहीत. मुलगा गाण्यापासून दूर जात नाही. पेटीची पट्टी त्याला दूर लोटते.

बारा ते पंधरा या वयाच्या सुमारास मुलग्याच्या शरीरात पौरुषाचे ग्रंथिरस वाढू लागले की स्वरयंत्राची वाढ झपाट्याने होते, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि जो मुलगा काल सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपनांच्या स्वरात बोलत होता, त्याचा आवाज यथावकाश शंभर-सव्वाशेच्या घरात, म्हणजे जवळजवळ एक सप्तक खाली, येऊन स्थिरावतो. वाढीचा वेग मोठा आणि स्नायूंना नव्या तंतूंची सवय नाही, म्हणून ती चिरक. मुलींचाही आवाज या वयात दोन-तीन स्वरांनी उतरतो आणि काही काळ घोगरा होतो. पण तो फरक कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून त्यांची कोणी थट्टाही करीत नाही आणि त्यांना माफीही मिळत नाही. आता आपला शाळेचा शिरस्ता पाहा: पेटी काळी चार किंवा काळी पाचमध्ये सुरू होते, मुलींना आणि लहानग्यांना ती मानवते, आणि आठवीतल्या त्या मुलग्यापुढे दोनच वाटा उरतात, वरच्या सप्तकात किंचाळणे किंवा ओठ हलवीत गप्प उभे राहणे. तो शहाणा असल्यामुळे दुसरी वाट धरतो.

या संदर्भात भास्करबुवा बखले यांचे चरित्र प्रत्येक संगीतशिक्षकाने ध्यानात ठेवावे. 1869 साली बडोदे संस्थानातील कठोर गावी जन्मलेले भास्करबुवा बालवयातच गोड गळ्याच्या बळावर किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले होते आणि त्यांची पदे लोकांना आवडत असत. पण आवाज फुटला आणि ज्या गळ्यासाठी मंडळीने त्यांना जवळ केले होते तोच गळा निरुपयोगी ठरल्याने कंपनीतले त्यांचे स्थान संपले. तिथेच त्यांचे गाणे थांबले असते, तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. परंतु पुढे त्यांना फैजमहंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांची तालीम मिळाली, आणि ज्या रंगभूमीने त्यांना बाजूला सारले त्याच रंगभूमीवर 1916 साली ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली त्यांच्याच नावाने गाजल्या. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. पुण्यात 1911 साली त्यांनी स्थापन केलेला भारत गायन समाज आजही मुलांना गाणे शिकवीत आहे. गळा फुटतो तेव्हा कान शाबूत असतो, आणि त्या वेळी विद्यार्थ्याला हाती धरणारा गुरु भेटला तर पुढचे सारे शक्य होते.

युरोपातही या बाबतीत फारशी दयामाया नव्हती. पुढे जगद्विख्यात झालेला हायडन व्हिएन्नाच्या प्रार्थनामंदिरातील गायकवृंदात होता. 1749 साली, आवाज फुटल्यावर, त्याला तेथून बडतर्फ करण्यात आले. इटलीत तर मुलाचा आवाज फुटूच नये म्हणून शस्त्रक्रिया करून त्याचे पौरुषच हिरावून घेण्याची क्रूर चाल शतकानुशतके होती. त्या परंपरेतला अखेरचा प्रसिद्ध गायक मोरेस्की 1922 साली वारला, आणि आपले भास्करबुवाही त्याच वर्षी गेले.

तेव्हा माझ्या पत्रलेखक मित्रांनी काय करावे? सर्वप्रथम त्या मुलाचे नाव हजेरीपटावर कायम ठेवावे. मग त्याला एकट्याला बोलावून, वर्ग सुटल्यावर, पेटीवर काळी एक किंवा दोनच्या आसपास चाचपून, त्याला सहज लागणारे चार-पाच सलग स्वर कोणते ते शोधावेत. बहुतेकांना तेवढे स्वर लागतातच, आणि तेवढ्यांत पुष्कळ अलंकार बसतात. ओरडू देऊ नये, खोटा आवाज काढू देऊ नये. समूहगीतात बाकीचे वर गात असताना त्याला खालचा षड्ज किंवा पंचम धरून ठेवावयास सांगावे. म्हणजे थट्टेचा विषय झालेला मुलगा सर्वांचा आधारस्वर होतो. घराण्याच्या गायकांनी पहाटे खर्ज भरण्याची जी रीत पाळली, तिचा सौम्य अवतार म्हणजे हेच काम.

दुसरी गोष्ट लयीची. सोलापूरसारख्या गावी तर तिची ददातच नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत येथील मंडळांची लेझीम ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की शेकडो मुलगे हलगीच्या ठेक्यावर पावले टाकीत असताना एकाचाही हात मात्रा चुकत नाही. आणि हेच मुलगे शाळेच्या दप्तरात ‘संगीतात रस नाही’ म्हणून नोंदले जातात! आवाज बसेपर्यंत त्या मुलाला तबल्यावर त्रिताल, केरवा, दादरा शिकवावा, लेझीमच्या डावांत कितव्या मात्रेवर सम येते ते मोजावयास लावावे, इतरांच्या गाण्यातील कोमल-शुद्ध ओळखावयास सांगावे. यांपैकी एकाही कामाला गळा लागत नाही.

दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांबद्दल सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून पालकांची घाई मात्र वाढली आहे, आणि नेमक्या या नाजूक काळात मुलाला गायनाच्या परीक्षेस बसविण्याचा आग्रह होतो. अशा पालकांना शिक्षकांनी स्पष्ट नकार द्यावा आणि हवी तर तबल्याची परीक्षा सुचवावी.

सदर विद्यार्थ्याचा आवाज कोणत्या पट्टीत बसला, हे शिक्षकमहाशयांनी सवडीने जरूर कळवावे. स्वरलिपींचा निवाडा पुढील आठवड्यात. तोवर ज्यांच्याकडे विष्णु दिगंबरांच्या पद्धतीची जुनी शालेय पुस्तके असतील, त्यांनी ती चाळून ठेवावीत.