विश्लेषण : कॅमेऱ्यामागे बाई आली, की प्रौढ चित्रपट बदलतो का?

मढच्या बंगल्यातील प्रकरणापासून बार्सिलोनातील स्त्रीवादी दिग्दर्शिकेपर्यंत प्रश्न एकच आहे. पडद्यावरच्या बाईला ‘नाही’ म्हणता येते का? वाद नेमका काय आहे, आपला कायदा काय सांगतो आणि रायगडच्या किनाऱ्यावर ‘वेब सीरिज’च्या कामाला जाणाऱ्या मुलीने काय माहीत करून घ्यावे, याचा आढावा.

मढ प्रकरण काय होते?

फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ येथील एका बंगल्यावर छापा टाकला. वेब सीरिजमध्ये काम देतो असे सांगून तरुणींना बोलावले जाई, मग अश्लील दृश्ये देण्यासाठी दबाव आणला जाई आणि त्या चित्रफिती पैसे भरून पाहायच्या अ‍ॅपवर टाकल्या जात, असा पोलिसांचा आरोप होता. जुलैमध्ये उद्योजक राज कुंद्रा यांच्या अटकेनंतर प्रकरण देशभर गाजले. त्यांनी आरोप फेटाळले असून सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांना जामीन मिळाला.

या प्रकरणातला एक तपशील मात्र फारसा चर्चेत आला नाही. फेब्रुवारीत अटक झालेल्यांत महिलाही होत्या. म्हणजे निर्मितीच्या बाजूला बाई असली की समोरची बाई आपोआप सुरक्षित, हे गृहीत धरता येत नाही.

मग ‘स्त्रीवादी’ प्रौढ चित्रपट म्हणजे काय?

अमेरिकेत कँडिडा रॉयाल यांनी १९७० च्या दशकात अशा चित्रपटांत अभिनेत्री म्हणून काम केले. तिथली कथा, कॅमेरा आणि शेवट सगळे पुरुष प्रेक्षकासाठी असते, हे त्यांनी जवळून पाहिले. १९८४ मध्ये त्यांनी ‘फेम प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि स्त्रीची इच्छा मध्यवर्ती ठेवून चित्रपट केले. मूळच्या स्वीडनच्या एरिका लस्ट यांनी २००४ मध्ये बार्सिलोनात पहिला लघुपट केला. पुढे प्रेक्षकांनी पाठवलेल्या कबुल्यांवर त्यांनी चित्रपट मालिका उभी केली. टोरंटोमध्ये २००६ पासून स्त्रीवादी प्रौढ चित्रपटांसाठी वेगळे पुरस्कारही सुरू झाले.

या दिग्दर्शिकांचा दावा फक्त ‘बाईची नजर’ एवढाच नाही. काय चित्रित होणार हे आधी ठरलेले असावे, मानधन वेळेवर मिळावे आणि सेटवर कुठल्याही क्षणी थांबता यावे, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. थोडक्यात, पडद्यावर काय दिसते याइतकेच ते कसे बनले याला महत्त्व आहे.

सगळ्या स्त्रीवाद्यांना हे मान्य आहे का?

अजिबात नाही. आंद्रेया ड्वॉर्किन आणि कायदेपंडित कॅथरिन मॅकिनन यांच्या मते पोर्नोग्राफी हाच स्त्रियांवरचा अन्याय आहे. १९८३ मध्ये या दोघींनी मिनियापोलिस शहरासाठी एक वटहुकूम तयार केला. पोर्नोग्राफीमुळे इजा झालेल्या स्त्रीला नुकसानभरपाई मागता यावी, हा त्याचा गाभा होता. महापौरांनी तो नाकारला. इंडियानापोलिसने तसाच कायदा केला, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो न्यायालयात टिकला नाही.

दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की बंदीचे हत्यार सरकारच्या हाती दिले तर ते आधी स्त्रियांच्याच अभिव्यक्तीवर चालते. भारतातले उदाहरण ताजे आहे. अलंकृता श्रीवास्तव यांच्या ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला सेन्सॉर बोर्डाने २०१७ मध्ये प्रमाणपत्र नाकारले. चित्रपट ‘लेडी ओरिएंटेड’ आहे, हे त्यातले एक कारण होते. अपील न्यायाधिकरणाने दिलासा दिल्यावर तो जुलै २०१७ मध्ये प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाला.

मराठीत हा वाद नवा आहे का?

नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. लैंगिक प्रश्नांवर, स्त्रीच्या कामेच्छेवरही मोकळेपणाने लिहिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

पुढे ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात न्यायालयाने जुनी ब्रिटिश कसोटी बाजूला ठेवून समकालीन सामाजिक मानदंडांची कसोटी स्वीकारली.

आज कायदा काय म्हणतो?

भारतात प्रौढ व्यक्तीने खासगीत असा मजकूर पाहणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. बनवून प्रसारित करणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-अ नुसार उघड लैंगिक कृतीचा मजकूर प्रसारित केल्यास पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान मुलांसंबंधीचा मजकूर मात्र शोधणे, पाहणे, डाउनलोड करणे हाही गुन्हाच. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १८ ओटीटी मंच बंद केले, तर जुलै २०२५ मध्ये आणखी २५ अ‍ॅप आणि संकेतस्थळे रोखण्याचे आदेश दिले.

म्हणून रॉयाल किंवा लस्ट यांच्यासारखी कंपनी भारतात उघडपणे चालूच शकत नाही. जे चालते ते लपून चालते. लपून चालणाऱ्या धंद्यात लेखी करार, मानधनाची हमी आणि तक्रारीची सोय नसते. फसलेली मुलगी आपणच आरोपी होऊ, या भीतीने पोलिसांकडे जात नाही. बंदी हवी म्हणणाऱ्यांनी आणि नको म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही या भीतीचे काय करायचे ते सांगायला हवे.

रायगडच्या किनाऱ्याशी याचा काय संबंध?

अलिबाग, नागाव, किहीम, काशीद परिसरात बंगले दिवसाच्या भाड्याने मिळतात आणि मुंबईहून मांडव्याला रो-रो बोटीने तासाभरात येता येते. इथे कायदेशीर कामासाठी चित्रीकरणे होतात. पण काम शोधणाऱ्या मुलीला चार गोष्टी माहीत हव्यात.

• भूमिका आणि दृश्यांचा तपशील आधी लेखी घ्या. सेटवर ऐन वेळी ‘थोडे बोल्ड’ करायला सांगितले, तर नकार देण्याचा हक्क आहे. करारावरची सही म्हणजे कुठल्याही कृतीला संमती नव्हे.

• चित्रित करायला होकार दिला, पण पसरवायला दिला नाही, तर खासगी दृश्ये पसरवणे हा गुन्हा ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये हे स्पष्ट आहे.

• भाड्याचा बंगलाही कामाचे ठिकाण ठरतो. १० किंवा अधिक जणांच्या आस्थापनेत लैंगिक छळाविरोधात अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. रायगडसाठी अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

• चित्रफीत पसरली तर संबंधित मंचाकडे लगेच तक्रार करा. २०२१ च्या नियमांनुसार नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारा मजकूर त्या व्यक्तीच्या तक्रारीनंतर २४ तासांत काढण्याची पावले उचलणे मंचावर बंधनकारक होते; २०२६ च्या दुरुस्तीने ही मुदत २ तासांवर आणली आहे. ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेत फोटो किंवा व्हिडीओ फोनबाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा, म्हणजे ‘हॅश’ तयार होतो आणि सहभागी मंच त्यावरून ती फाइल ओळखून रोखतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांना नाव न सांगताही तक्रार करता येते.

मग उत्तर काय?

कॅमेऱ्यामागे बाई आली की नजर बदलू शकते. रॉयाल आणि लस्ट यांनी ते दाखवले. पण मढ प्रकरणातले आरोप सांगतात, की दिग्दर्शकाच्या खुर्चीत कोण बसले आहे एवढ्यावर विसंबून चालणार नाही. समोरच्या मुलीने ‘थांबा’ म्हटल्यावर कॅमेरा बंद होतो का, आणि बंद झाल्यावरही तिला दिवसाचे पैसे मिळतात का, हे आधी विचारावे.