बीमवर पकड कोणती धरावी?

सोनपेठ, गंगाखेड भागात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांना धावण्याइतकीच धास्ती बीमची, म्हणजे पुल-अपची असते. अग्निवीर भरतीच्या शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर धावण्याला ६० गुण आहेत आणि बीमला ४०. सहा पुल-अपला १६ गुण मिळतात, दहाला पूर्ण ४०. म्हणून वरचे चार फार मोलाचे. ते कमवायचे तर पकडीपासून सुरुवात करावी लागते.

आधी दांडा पाहा. मुठीत पुरता मावेल असा, साधारण सव्वा इंच जाडीचा लोखंडी पाइप चांगला. जाड पाइपवर पाठीआधी बोटंच थकतात. खांब हलत असतील तर लटकू नका. मराठवाड्याच्या उन्हात लोखंड तापतं, तेव्हा सराव सकाळीच उरका.

आता पकडी. तळवे समोर, म्हणजे आपल्यापासून दूर, ती पालथी पकड. तळवे आपल्या तोंडाकडे, ती उताणी. दोन समांतर दांडे धरून तळवे एकमेकांसमोर आणले की ती समोरासमोरची पकड.

उताणी पकड बहुतेकांना सोपी जाते. तळवा आपल्याकडे असताना दंडातली बेटकुळी जोरात ओढू शकते. हात पालथा केला की तिची ओढ कमी पडते आणि भार खालच्या स्नायूंवर व मनगटाकडच्या हातावर येतो. काखेखालून कंबरेकडे जाणारा पाठीचा रुंद स्नायू मात्र दोन्हीकडे कामाला लागतो. उताण्या पकडीत पाठीला व्यायामच होत नाही, हा समज चुकीचा आहे.

पहिली पायरी नुसतं लटकण्याची. पालथी पकड धरा, अंगठा दांड्याखालून घ्या आणि कोपर सरळ ठेवा. मग हात न वाकवता खांदे कानांपासून खाली ओढा. अर्धा मिनिट असं टिकता आलं की पुढे जा.

दुसरी पायरी उतरण्याची. स्टुलावर उभं राहून उताण्या पकडीत हनुवटी दांड्यावर आणा, पाय सोडा आणि मनात पाच मोजत सावकाश खाली या. एकही पुल-अप निघत नसेल तर ताकद इथेच तयार होते.

तिसऱ्या पायरीला उताण्या पकडीत वर चढा. सलग पाच स्वच्छ निघू लागले की पालथ्या पकडीकडे वळा. भरतीत सहसा तळवे समोर ठेवूनच बीम मारावे लागतात, म्हणून उताण्यावरच रमून चालत नाही. घरी दहा निघतात आणि ग्राउंडवर सहालाच दम लागतो, याचं एक मोठं कारण हेच असतं.

हातांमधलं अंतर खांद्यांपेक्षा थोडंसं जास्त असू द्या. फार रुंद धरलं की पाठ रुंद होते म्हणून अनेक जण हात फाकवतात. त्यात वर जाण्याचं अंतर घटतं आणि खांद्यावर ताण येतो.

चुका बहुधा तीनच. खाली येताना कोपर पूर्ण सरळ न करणं, पायांनी झोका घेणं आणि मान उंचावून हनुवटी कशीबशी दांड्यावर टेकवणं. असे पुल-अप परीक्षक मोजतीलच असं नाही.

उताण्या पकडीचा अतिरेक झाला तर कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागतं. तसं झालं की काही दिवस थांबा आणि नंतर सोय असेल तर समोरासमोरच्या पकडीने सुरुवात करा. मनगटाला आणि कोपराला ती सौम्य पडते. दुखणं हटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती, एवढा सराव पुरे. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत आता बीम नाही, धावणं आणि गोळाफेक आहे. तेव्हा कोणती भरती द्यायची ते ठरवून वेळ वाटून घ्या. सैन्याची द्यायची असेल तर ताकद उताण्या पकडीवर कमवा, पण मोजणी पालथ्या पकडीवरच करा.